उन्हाळ्यात मधपेटीजवळचे पाणी

नागपुरात मे महिन्यात पारा 45 अंशांपुढे जातो, तेव्हा पेटीतील मधमाश्यांच्या पिलांचा भाग साधारण 35 अंशांवर राखण्यासाठी कामकरी माश्या पाणी आणून पोळ्यावर पसरवतात आणि पंखांनी वारा घालतात. म्हणून परसातील पेटीजवळ, सावलीत, खडे टाकलेले उथळ परळ मार्चपासूनच भरून ठेवावे; ते एक दिवसही कोरडे पडू देऊ नये, कारण माश्या शेजाऱ्यांच्या कूलरकडे वळल्या की त्यांना परतवणे फार कठीण जाते. पेटीवर ओले गोणपाट घालावे. दुपारी पेटी उघडू नये. मऊ झालेले पोळे तुटते. सातेरी माशी, म्हणजे पेटीत पाळली जाणारी देशी मधमाशी, उपासमारीत घरच सोडून जाते, त्यामुळे मधाचा साठा सकाळी तपासावा आणि तो संपत आला असल्यास संध्याकाळी साखरेचा पाक द्यावा.