सिम्युलेशन लॅबमधील सांघिक सराव: या चुका टाळा

नर्सिंगच्या शिक्षणात सिम्युलेशन लॅबमधला, म्हणजे खऱ्या रुग्णाऐवजी पुतळ्यावरचा सराव नवा नाही. अमेरिकेतील हार्टफर्ड हॉस्पिटलच्या परिचारिका शाळेत 1911 मध्येच ‘मिसेस चेस’ नावाची माणसाएवढी बाहुली आली होती. आजच्या मॅनिकिनची, म्हणजे सरावाच्या पुतळ्याची, नाडी लागते आणि श्वासही ऐकू येतो. तरीही सरावासाठी रचलेला प्रसंग बिघडतो तो बहुधा हातांमुळे नव्हे, तर बोलण्यामुळे.

सर्वाधिक नुकसान करणारी चूक म्हणजे कोणालाही उद्देशून नसलेली सूचना. “कोणीतरी ऑक्सिजन लावा” असे म्हटले, की चौघे ऐकतात आणि कोणीच हलत नाही, किंवा दोघे एकाच मास्ककडे धावतात. सूचना नाव घेऊन द्यावी, ऐकणाऱ्याने ती मोठ्याने परत म्हणावी आणि काम झाल्यावर तसे कळवावे. हृदयक्रिया बंद पडलेल्या रुग्णाला “ॲड्रेनालिन 1 मिलिग्रॅम शिरेतून दिले” हे स्पष्ट ऐकू आले, तरच नोंद ठेवणाऱ्याला 3 ते 5 मिनिटांनंतरचा पुढचा डोस वेळेवर सांगता येतो.

डॉक्टरांना फोन करताना एसबारची चौकट, म्हणजे परिस्थिती, पार्श्वभूमी, मूल्यमापन आणि शिफारस, पाठ असूनही विद्यार्थी पहिल्या दोन भागांवरच थांबतात. “नाडी 128, रक्तदाब 86/50, शस्त्रक्रियेला 4 तास झाले आहेत” एवढे पुरेसे नाही. “ड्रेसिंग रक्ताने भिजले आहे, आतही रक्तस्राव होत असावा असे मला वाटते, आपण लगेच यावे” हेही म्हणता आले पाहिजे. हे धाडस लॅबमध्येच अंगी बाणते.

संघप्रमुखाने स्वतः सलाइन लावायला बसू नये, कारण छातीवर दाब देणारी व्यक्ती थकली आहे आणि 2 मिनिटांनी तिला बदलायचे आहे, हे मग कोणाच्याच लक्षात राहत नाही.

एक सूचना शिक्षकांसाठीही आहे. कनिष्ठ विद्यार्थी आक्षेप घेतो का हे पाहण्यासाठी चुकीचा डोस मुद्दाम सांगायचा असेल, तर असे घडू शकते याची कल्पना सरावाआधी द्यावी. अन्यथा विद्यार्थ्यांना फसवल्यासारखे वाटते आणि ते बोलायचेच सोडतात. सरावानंतरची चर्चा 5 मिनिटांत उरकू नये. तिला निदान प्रसंगाइतका वेळ द्यावा. “हे का केले नाहीस?” याऐवजी “त्या क्षणी तुला काय दिसत होते?” असे विचारावे, आणि शक्य असल्यास भूमिका बदलून तोच प्रसंग पुन्हा घ्यावा, या वेळी फोन गप्प राहिलेल्या विद्यार्थ्याकडे द्यावा.