धरणावरच्या सवयी लाटांत नेऊ नका: समुद्रात फिशिंग कयाक उतरवताना होणाऱ्या चुका

पुण्यात कयाक घेणारा माणूस पाणी शिकतो ते पवना, मुळशी, पानशेतच्या फुगवट्यावर. काठाला कयाक लावायची, आत बसायचं, वल्ह्याने जरासा रेटा द्यायचा, की निघाली. तिथलं पाणी अंगावर चालून येत नाही. मग रावस-जिताड्याचे फोटो बघून कधीतरी कयाक गाडीच्या टपावर चढते, मंडळी ताम्हिणी उतरून दिवेआगर नाहीतर श्रीवर्धन गाठतात, आणि किनाऱ्यालगतच्या पहिल्या पन्नास मीटरांतच रॉड, रील, फिशफाइंडर (पाण्याखालचे मासे दाखवणारं यंत्र) सगळं पाण्यात जातं. खोल समुद्रात त्या मानाने कमी घोटाळे होतात. घोटाळा होतो तो लाटा फुटतात त्या पट्ट्यात, आणि बहुतेक वेळा त्याच्या मुळाशी धरणावर खपून गेलेली एखादी सवय असते.

ज्यांना वल्हवता येतं, उलटलेल्या कयाकवर पुन्हा चढता येतं आणि कपडे-जॅकेट घालून पोहता येतं, त्यांच्यासाठी हे लिहितोय. या तीन गोष्टी येत नसतील तर अजून चार रविवार पवनेवरच काढा.

"एवढ्या लांब आलोय, तर उतरूच"

ही चूक पाण्याबाहेरची आहे आणि माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी. पहाटे पाचला चांदणी चौक सोडला, वाटेत माणगावला चहा-नाश्ता झाला, की दिवेआगरला पोहोचेपर्यंत साडेनऊ वाजतात. कयाक उतरवून सामान लावेपर्यंत साडेदहा. तोवर पहाटेचे मतलई वारे पडलेले असतात, जमीन तापू लागते आणि खारे वारे जोर धरतात. फेब्रुवारी ते मे या काळात दुपारी वायव्येकडून येणारा वारा लाटा आखूड आणि उभ्या करतो. जाताना कसंबसं निभावतं, पण परतायची वेळ नेमकी वारा भरात असतानाची येते. म्हणून आदल्या रात्री मुक्कामाला जा, उजाडताना उतरा आणि नऊ-दहाच्या आत वाळूवर या. हे जमणार नसेल तर त्या दिवशी किनाऱ्यावरून गळ टाका. त्यात काही कमीपणा नाही.

दिवस निवडताना कॅलेंडरवरचा रविवार बघण्याआधी तिथी बघा. कोकणातला जुना हिशेब सोपा आहे: तिथीला तीनने गुणा, चारने भागा, म्हणजे भरतीची साधारण वेळ मिळते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास. त्यानंतर सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी. नेमक्या वेळेसाठी भरती-ओहोटीचं कोष्टक बघायचंच, पण आठवडाभर आधी बेत आखायला हा हिशेब पुरतो. नवख्याला अष्टमी-नवमीच्या आसपासचा शनिवार-रविवार सगळ्यात सोयीचा. भांगाची भरती असल्यामुळे पाण्याची चढ-उतार आणि ओढ दोन्ही कमी, आणि भरती सकाळी सहा-सातला. पाणी वर असताना उतरायचं, ओहोटी अर्ध्यावर असताना परतायचं. अमावास्या-पौर्णिमेला याच्या उलट: उजाडताना पूर्ण सुकती, म्हणजे ओहोटीचं सगळ्यात खालचं पाणी, त्यामुळे 30-40 किलोची कयाक ओल्या वाळूवरून लांबवर ओढत न्यायची आणि वर उधाणाची ओढ.

लाटेची फक्त उंची बघणं

शिवाजीनगरच्या वेधशाळेचा अंदाज पावसा-वाऱ्यासाठी बघतो तसा लाटांसाठी हैदराबादच्या इनकॉइस या सरकारी सागरी माहिती केंद्राचा अंदाज बघा. तिथे उंचीबरोबर दोन लाटांमधल्या वेळाचा आकडाही असतो, आणि तो आपण सोडून देतो. एक मीटरची लाट सहा सेकंदांच्या अंतराने येते तेव्हा ती जवळपासच्या वाऱ्याची असते. चौदा सेकंदांनी येणारी तेवढ्याच उंचीची लाट दूरच्या वादळातून निघालेली असते. ती उथळ पाण्यात आल्यावर जास्त उठते आणि कितीतरी जास्त जोर घेऊन फुटते. एप्रिल-मे महिन्यांत इकडे वाऱ्याची झुळूकही नसताना दक्षिणेकडून अशा लाटा येऊन थडकतात. इनकॉइसचा उंच लाटांचा किंवा स्वेल सर्जचा (अशाच दूरून येणाऱ्या लाटांचा) इशारा असेल तर गाडी काढूच नका.

पावसाळ्याबद्दल वाद घालायची गरज नाही. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. "कयाकला इंजिन कुठे आहे?" हा पुणेरी मुद्दा कागदावर बिनतोड असेल, पण लाटेपुढे तो चालत नाही.

गाडीतून उतरून थेट पाण्यात

कयाक टपावरच राहू द्या आणि आधी पंधरा-वीस मिनिटं नुसते वाळूवर उभे राहा. डोळा स्थिरावला की दिसू लागतं: मोठ्या लाटा एकेकट्या येत नाहीत, जथ्याने येतात. पाच-सहा मोठ्या, मग उसंत, मग पुन्हा मोठ्या. ही उसंत किती टिकते ते घड्याळावर मोजा, दोन-तीनदा मोजा. फुटणाऱ्या लाटांचा पट्टा तेवढ्या वेळात वल्हवत ओलांडता येईल का, एवढाच प्रश्न आहे. उत्तर "बहुतेक येईल" असं असेल तर ते "नाही" धरा.

दुसरं म्हणजे लाट कुठे आणि कशी फुटते ते बघा. साधारणपणे लाटेच्या उंचीच्या सव्वापट खोलीवर ती फुटते. म्हणजे मीटरभर लाट छातीएवढ्या पाण्यात. माथ्यावरून फेस घरंगळत येत असेल, तर किनारा सपाट आहे आणि लाट मवाळ आहे. लाट उभी राहून कमान करून धाडकन आपटत असेल, तर तळ एकदम चढतोय. अशा ठिकाणी लाट लहान असली तरी उतरू नका. ती कयाक उचलून वाळूवर मारते. एकाच किनाऱ्यावर भरतीला एक रूप आणि ओहोटीला दुसरं असतं, म्हणून शक्य असेल तर आदल्या दिवशी सुकतीच्या वेळी तळ बघून ठेवा. खडक आणि वाळूचे दांडे तेव्हाच दिसतात.

तिसरी गोष्ट फसवी आहे. दोन्ही बाजूंना लाटा फुटताहेत आणि मध्येच एक पट्टा शांत, जरा गढूळ, फेस समुद्राकडे वाहतोय, असं दिसलं तर ती जागा शांत नसते. तिथून पाणी वेगाने आत ओढलं जात असतं. सरावलेले कयाकवाले बाहेर पडायला याच ओढीचा फायदा घेतात. नवख्याने घेऊ नये, कारण तिथे उलटलात तर कयाक, वल्हं आणि तुम्ही तिन्ही आत जाता. पोहताना अशा ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडे झगडू नका, किनाऱ्याला समांतर पोहत पट्ट्याबाहेर पडा.

उंचीचा माझा ढोबळ नियम असा: गुडघ्याएवढी लाट फुटत असेल तर सराव करा, कमरेएवढी असेल तर नवख्याने बेत सोडावा. उभ्याने कमरेला लागणारी लाट कयाकमध्ये बसल्यावर तोंडावर येते. आणि होडी बांधणाऱ्या नाहीतर जाळं विणणाऱ्या एखाद्या काकांना विचारायला लाजू नका. त्यांच्या होड्या त्या दिवशी वर ओढून ठेवलेल्या दिसल्या, तर विचारायचीही गरज नाही.

सामान धरणासारखं मांडणं

पवनेवर चार रॉड उभे लावून, समोर फिशफाइंडर, मागे बर्फाची पेटी, अशी सजवलेली कयाक छान दिसते. लाटांत उतरताना गृहीत धरायचं की ती उलटणार आहे. उलटल्यावर उभा रॉड वाळूत रुततो आणि मोडतो, आणि मोकळा गळ कुणाच्या तरी हातात घुसतो. रॉड कयाकच्या पोटात किंवा आडवे, घट्ट बांधून. गळ काढून डबीत. फिशफाइंडरचा पडदा आत. फुटणाऱ्या लाटा ओलांडल्यावर निवांत मांडामांड करा. नांगराची दोरी मोकळी ठेवू नका. पायात गुंतणारी पहिली वस्तू तीच असते. लाइन कापायला बोथट टोकाची सुरी जॅकेटवर हवी.

वजन मध्यावर, सीटजवळ, खाली. सगळं पुढे ठेवलं तर नाक लाटेत घुसतं, सगळं मागे ठेवलं तर लाट नाक उचलून कयाक मागे फेकते.

धरणावर पाय कोरडे राहावेत म्हणून पुष्कळ जण डेकवरच्या भोकांत बुचं बसवतात. लाटांत ती काढा. ती भोकं डेकवर चढलेलं पाणी निघून जावं म्हणूनच असतात. पुढच्या मोठ्या हॅचचं, म्हणजे पोटात सामान ठेवायच्या तोंडाचं, झाकण नुसत्या रबरी दोरीवर असेल तर त्याला आडवा पट्टा मारा, नाहीतर एका लाटेत ते उघडतं आणि पोट भरू लागतं. पोटात 100 लिटर पाणी म्हणजे 100 किलोहून जास्त भार, तोही इकडून तिकडे हिंदकळणारा.

लाइफ जॅकेट सीटमागे अडकवून ठेवायची सवय मोडा. पाण्याने आपोआप फुगणारं जॅकेटही इथे नको, पहिल्याच लाटेत फुगून बसतं. साधं फोमचं घ्या आणि पुढच्या खिशांत आमिषांच्या डब्या कोंबू नका, कारण परत चढताना पोट कयाकच्या कडेवरून सरकावं लागतं. हेल्मेट घाला. बाकीचे हसतील, हसू द्या.

नाक वळलं, की खेळ संपला

जथ्यातली शेवटची मोठी लाट फुटून गेली, की लगेच निघायचं. कयाक गुडघाभर पाण्यात, नाक थेट लाटांकडे, आणि तुम्ही तिच्या शेजारी. कयाक आणि किनारा यांच्या मध्ये कधीच उभं राहू नका. लाटेने रेटलेली पाणी भरलेली कयाक म्हणजे घाटाच्या उतारावर हँडब्रेक सुटलेली गाडी. ती थांबवायला पाय पुढे करायचा नसतो.

बसल्यावर पट्टे, पिशवी, चष्मा काहीही नीट करत बसू नका. वल्हवा. लाट समोर आली की हात थांबतात, ही नवख्यांची हमखास चूक. थांबलेल्या कयाकला लाट मागे नेते आणि आडवी करते. लाटेवर जोरात वल्हवत जा, धडक बसायच्या क्षणी पुढे झुका आणि वल्हं कयाकला समांतर, बाजूला धरा. ते छातीसमोर आडवं धरलं तर लाट ते थेट दातांवर आणते. पलीकडे गेल्यावर दम खायचा नाही, आणखी बरंच आत जाऊन मग थांबायचं.

पेडलवाली कयाक असेल तर पट्टा ओलांडेपर्यंत पेडल वर आणि सुकाणूही वर. पाती वाळूला लागून दांडा वाकला, की दिवस संपला. वल्ह्याला बांधायच्या दोरीबद्दल मतभेद आहेत. माझं मत असं, की लाटांच्या पट्ट्यात ती सोडलेली बरी, बाहेर गेल्यावर अडकवा. स्वतःला कयाकशी बांधणं मात्र कधीच नाही.

उलटलीच तर

समुद्राच्या बाजूला राहा. टोकाचं हँडल धरायचं तर मुठीने; कडीत बोटं अडकवू नका, कयाक गोल फिरली की ती बोटं पिरगाळते. फुटणाऱ्या लाटांत पुन्हा चढायची झटापट करू नका. कयाक किनाऱ्याला लागू द्या, पाणी काढा, पुन्हा सुरुवात करा. ती हातातून सुटली तर सुटू द्या, आणि पुढे कुणी पोहत असेल तर ओरडून सावध करा. कुणी दिसेनासं झालं तर तटरक्षक दलाचा 1554 आणि सागरी पोलिसांचा 1093 हे क्रमांक फोनमध्ये आधीच साठवलेले असू द्यात, तेही किनाऱ्यावर थांबलेल्या माणसाच्या. किनाऱ्यावर एक माणूस हवाच.

परत येणं जास्त अवघड

जाताना लाट समोर दिसते, येताना ती पाठीवर येते. त्यात अंग थकलेलं असतं आणि मासा मिळालेला असेल तर डोकं वेगळ्याच हवेत. पट्ट्याबाहेर थांबा, सगळं पुन्हा बांधा, बाजूला लटकवलेले मासे आत घ्या, सुकाणू वर. मोठा जथा जाऊ द्या आणि शेवटच्या लाटेच्या पाठीमागे या; तिच्यावर स्वार होऊ नका. मागून दुसरी गाठू लागली तर उलटं वल्हवून ती खालून जाऊ द्या.

तरीही कयाक आडवी झालीच, तर शरीर आपोआप किनाऱ्याकडे कलतं, आणि तिथेच उलटते. लाटेकडे कला, वल्हं लाटेवर टेकवा आणि आडवेच घसरत या. दिसायला बेंगरूळ, पण सुरक्षित. गुडघाभर पाणी आलं की समुद्राच्या बाजूने उतरा आणि पुढची लाट यायच्या आत ओढा.

लाटा टाळायला खाडीतून निघायची युक्ती पुष्कळ जण सांगतात. हरिहरेश्वरजवळ सावित्रीच्या मुखाशी सकाळी पाणी आरशासारखं असतं, हे खरं. पण ओहोटीचं पाणी बाहेर धावत असताना समुद्राची लाट त्यावर चढते, तेव्हा मुखाशी लाटा उभ्या राहतात. खाडीतून निघालात तर परतीची वेळ भरतीचीच धरा.

काही नेहमीच्या तक्रारी

दरवेळी नाक एकाच बाजूला वळत असेल, तर लाटा किनाऱ्याला तिरक्या येताहेत का ते बघा. नाक लाटेकडे हवं, क्षितिजाकडे नव्हे. बसल्याबरोबर कयाक वाळूत अडकत असेल, तर तुम्ही लवकर बसताय. दरवेळी शेवटच्या लाटेत फसत असाल, तर निघायची वेळ चुकतेय, ताकद नव्हे. पहिले काही दिवस रॉड पुण्यातच ठेवा आणि रिकामी कयाक घेऊन नुसतं आत-बाहेर करा.

परतल्यावर पोटातलं पाणी काढायचं बूच उघडून कयाक तिरकी करा आणि पोटातून किती पाणी निघतं ते बघा. कपभर निघालं तर ठीक. बादलीभर निघालं तर हॅचचं रबर, रॉडहोल्डरचे स्क्रू आणि डेकच्या भोकांच्या कडा तपासल्याशिवाय पुन्हा उतरू नका. गोडं पाणी मारायचं काम घरी आल्यावर त्याच रात्री करा. पेडलमध्ये अडकलेली वाळू आणि रीलमधलं मीठ पुढच्या रविवारपर्यंत थांबत नाहीत.