पुंगळीचं बूड आधी बघा, तोंड नंतर

माझा भाचा टेक्सासमध्ये असतो, .308 मापाची रायफल आहे त्याच्याकडे, आणि तिकडे गोळीबाराच्या रेंजवरच्या रिकाम्या पुंगळ्या, म्हणजे काडतुसाची पितळी नळकांडी, लोक घरीच परत भरतात. मी नागपूरचा लेथवाला, अर्धं आयुष्य पितळेचे बुश कापण्यात गेलं, म्हणून रविवारी सकाळी व्हिडिओ कॉलवर आमची निवडानिवडी चालते. आधीच सांगतो राजेहो, आपल्याकडे 1959 चा शस्त्र कायदा आहे, लायसन्सशिवाय काडतूस बनवायच्या भानगडीत पडायचं नाही.

पुंगळी हातात आली की सगळे गळ्याची, म्हणजे गोळी बसते त्या अरुंद तोंडाची, चीर बघतात. असली तर फेका, विषय संपला, ती दिसते तरी. घात करते ती आतली. दर बारला पुंगळी ताणली जाते, मग डायमध्ये, म्हणजे मापाच्या साच्यात, परत दाबली की पुढच्या बारला परत ताणते, आणि बुडाच्या कडेपासून 6-8 मिमी वर भिंत पातळ होत जाते. कधी बाहेरून गोल चकचकीत रेघ दिसते, पण नुसत्या रेघेवर जाऊ नका, डाय जिथे थांबते तिथेही तशीच रेघ उमटते. खरं काय ते तार सांगते. पेपर क्लिप सरळ करा, टोकाला बारीकसा आकडा वळवा, घासून टोक काढा, आत बुडापर्यंत सोडा आणि भिंतीला टेकवून हळू वर ओढा. खाचेत अडकल्यासारखं वाटलं की ती पुंगळी बाद, कारण तिथून तुटली तर पुढचा तुकडा चेंबरमध्ये, म्हणजे रायफलीत काडतूस बसतं त्या खोबणीत, राहतो आणि गरम गॅस मागे बार काढणाऱ्याच्या तोंडावर येऊ शकतो.

परवा एक अशी अडकली, पठ्ठ्या म्हणे मामा, बाहेरून तर नवी कोरी दिसते. म्हटलं हॅकसॉने उभी काप. कापली तर आत गोल खाच, भिंत निम्मी पण नव्हती उरली. मग गप बसला.

नवा प्रायमर, म्हणजे बुडात बसणारी बार पेटवणारी टिकली, काहीच जोर न लावता आत गेला तर तिची जागा, म्हणजे पॉकेट, सैल झालं, तीही बाद. लांबी व्हर्नियरने बघा, .308 ला 2.015 इंचाच्या वर नको, जास्त असली तर 2.005 ला कापतात, नाहीतर गळा चेंबरच्या टोकाशी चेपून गोळी आवळतो आणि प्रेशर चढतं. बुडाच्या आत दोन बारीक भोकं दिसली तर ती बर्डन नावाच्या वेगळ्या जातीची, घरच्या डायमध्ये घालू नका, जुना प्रायमर ढकलणारी मधली पिनच मोडते.

रंगाचं म्हणाल तर नुसता काळपटपणा चालतो, गुलाबी डाग नाही, तिथलं जस्त निघून गेलेलं असतं. आणि अमोनियावालं पॉलिश तर अजिबात नको. इंग्रजांच्या काळी पावसाळ्यात तबेल्यात ठेवलेली काडतुसं आपोआप तडकायची, घोड्यांच्या मुतातला अमोनिया कारण निघाला, 1921 मध्ये छडा लागला. मी भाच्याला म्हटलं भंडाऱ्याच्या भांड्यांसारखी चिंच लाव, तो हसला, पण तिकडे सायट्रिक ॲसिड वापरतातच की, आंबटच ते.

कोणाची, किती वेळा भरलेली हे माहीत नसलेली पुंगळी मी तर भंगारातच टाकायला लावतो, किलोच्या भावाने जाते. फक्त बाद झालेलीचं तोंड आधी पक्कडीने चेपा, नाहीतर पुढच्या रविवारी तीच परत चांगल्यांच्या डब्यात सापडते, आमच्याकडे दोनदा झालंय.