गावातील वीरगळ आणि शिलालेख यांची नोंद कशी करावी

मराठवाड्यात वेशीजवळ, मारुतीच्या पारावर किंवा शेताच्या बांधाला टेकलेले कोरीव दगड पुष्कळ गावांत आढळतात. त्यांची नोंद दगड जिथे आहे तिथेच करावी. कारण शिवेवरचा गधेगळ, म्हणजे जमिनीचे दान मोडणाऱ्याला शाप देणारा दगड, सुशोभीकरणाच्या उत्साहात देवळापुढे आणून बसवला, तर तो कोणत्या जमिनीच्या दानासंबंधी होता हे सांगणारा धागाच तुटतो.

प्रथम प्रकार ओळखावा. वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्या वीराचा स्मारकदगड, खालून वर वाचावा : तळच्या चौकटीत लढाई किंवा पडलेला वीर, मधल्या चौकटीत त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वरती शिवलिंगाची पूजा आणि शेवटी चंद्रसूर्य, असा सर्वसाधारण क्रम असतो. तळाशी गुरे कोरलेली असतील, तर गोधन राखताना आलेले मरण सूचित होते. सतीशिळेवर कोपरात वाकलेला, बांगड्या ल्यालेला हात दिसतो. गधेगळावरील गाढव आणि स्त्रीचे शिल्प म्हणजे दान मोडणाऱ्याला दिलेली शापवाणी होय. ते अश्लील समजून नोंदीतून वगळू नये.

शिलालेख असल्यास खरी कसोटी लागते. अक्षरे उठून दिसावीत म्हणून चुना, खडू किंवा तारेचा ब्रश वापरू नये, आणि पूजेतल्या दगडावरचा शेंदूर तर मुळीच खरवडू नये. सकाळी किंवा सायंकाळी तिरपे ऊन पडते तेव्हा, अथवा अंधारात बॅटरी बाजूला धरून, मोजपट्टीसह छायाचित्रे घ्यावीत. झिजलेली अक्षरेही अशा प्रकाशात उमटतात. कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातील अनेक लेख कन्नडमध्ये आहेत, त्यामुळे देवनागरी अक्षरे जुळवण्याचा हट्ट धरू नये. शकवर्ष स्पष्ट वाचता आल्यास इसवी सन काढण्यासाठी त्यात ७८ मिळवावेत. तिथी माघ-फाल्गुनातील असल्यास ७९. हिजरी सनाला हे गणित लागू पडत नाही, कारण ते वर्ष निव्वळ चांद्र असते.

नोंदीत गाव, तालुका, मोबाइलवरील अक्षांश-रेखांश, उंची, रुंदी, जाडी आणि दगडाचे स्थानिक नाव लिहावे. गावकऱ्यांनी सांगितलेली कथा अवश्य घ्यावी, परंतु प्रत्यक्ष पाहिलेल्या गोष्टींपासून वेगळ्या रकान्यात. शेजारच्या पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या जागेत, खापरे दिसली तरी उकरू नये. जमिनीत पुरलेले मौल्यवान धन सापडल्यास १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. तयार नोंदीची एक प्रत राज्य पुरातत्त्व विभागाकडे पाठवावी आणि दुसरी ग्रामपंचायतीच्या दप्तरात ठेवावी, म्हणजे रस्ता रुंद करायची वेळ आली की तो दगड कोणाचा, हे विचारायला कागद हाताशी राहील.