बाहुली बनवण्याआधी बाटली धरून बघा

काठीवरची बाहुली टेबलावर पिसासारखी वाटते. पडद्याआडून हात वर धरून दहा मिनिटं नाचवली की खांदा भरून येतो. तोवर डोकं रंगवून झालेलं असतं, मग कापाकापी जिवावर येते. कोल्हापुरात शाळेच्या गॅदरिंगसाठी बाहुल्या करताना आम्ही आता आधी हे करतो.

१. बाहुलीच्या मापाची काठी घ्या. डोकं येणार त्या टोकाला अर्ध्या लिटरची भरलेली पाण्याची बाटली घट्ट बांधा. झालं अर्धा किलो.

२. जो बाहुली नाचवणार त्यानंच ही काठी प्रवेश संपेपर्यंत डोक्याच्या वर धरून हलवायची. दुसऱ्यानं करून उपयोग नाही. सातवीतल्या मुलीचा हात आणि तालमीत जाणाऱ्या मामाचा हात एक नव्हे.

३. हात थरथरला की थांबा, थोडं पाणी ओतून टाका, विश्रांती घेऊन पुन्हा धरा. जमलं की बाटली काट्यावर ठेवा.

आलेल्या वजनात डोकं, कपडे, दागिने सगळं बसलं पाहिजे. आमचं गणित फेट्यानं आणि कोल्हापुरी साजानं बिघडवलं होतं! आता साजाचे मणी कागदाच्या लगद्याचे आणि फेटा फक्त बाहेरून दिसेल तेवढाच.

बाहुलीत तारा वापरल्या तर त्यांची टोकं आत वळवून वर चिकटपट्टी लावा, शेजारच्याच्या डोळ्याला लागतात.

एक मात्र सांभाळा: डोक्यासाठी थर्माकोल तापल्या तारेनं कापणार असाल तर बंद खोलीत नको. तो धूर घातक असतो. गच्चीवर, मोकळ्या हवेत, मोठ्या माणसानंच कापावा.