खरड छाटणीची 'खराब छाटणी' होऊ देऊ नका

स्वतःचं पुस्तक स्वतः काढणारे नवीन लोक विचारतात की एआय आलंय तर आता यात अर्थ आहे का, म्हणून माझं काय झालं ते सांगतो.

मी तासगावचा, घरची द्राक्षबाग. आप्पांनी तीस वर्षं बागेच्या डायऱ्या लिहिल्या, त्यावरनं पुस्तक केलं, सांगलीत ३०० प्रती छापल्या आणि ईबुक ॲमेझॉनच्या किंडलवर टाकलं. डायरीच्या पानांचे फोटो एआयला देऊन मजकूर उतरवून घेतला, महिन्याचं टायपिंग आठवड्यात झालं, ते काम त्याच्याकडनं जरूर करून घ्या. मग मला लोभ सुटला, म्हटलं शुद्धलेखन पण बघून दे. फाईल इतकी गुळगुळीत आली की मी तशीच प्रेसला देणार होतो, रात्री आईला सहज एक पान वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "खराब छाटणी काय रे? हे तुझ्या आप्पांनी लिवलंय?"

एप्रिलची खरड छाटणी, म्हणजे द्राक्ष निघाल्यावर वेल खरडून करतात ती छाटणी, सगळीकडं खराब छाटणी झालती. आणि आप्पांचं 'भुरी आली, झोप गेली' होतं तिथं 'भुरी रोगाच्या प्रादुर्भावामुळे चिंता वाढली' आलतं. पोटात कालवलं बघा. चार शब्दांत त्यांची अख्खी रात्र होती. मग डायरी शेजारी ठेवून अकरा दिवस ओळ न् ओळ परत लावली.

कव्हरला पण एआय वापरून बघितलं, 'द्राक्ष' मधलं जोडाक्षर शेवटपर्यंत धड आलं नाही, शेवटी बागेचा फोटो घेतला आणि अक्षरं प्रेसमध्ये टाकली. किंडलवर पुस्तक चढवताना मजकूर, चित्रं, भाषांतर एआयनं तयार केलंय का ते विचारतात, तुम्ही नंतर कितीही दुरुस्त केलं असलं तरी हो म्हणूनच सांगायचं. स्वतः लिहिलेलं नुसतं तपासून घेतलं असेल तर सांगायची गरज नाही. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, सरकारकडनं फुकट मिळतो, त्याचे पैसे कुणाला देऊ नका.

सप्टेंबर २०२३ मध्ये ॲमेझॉननं एका दिवसात तीनच नवी पुस्तकं टाकायची मर्यादा घातलती, म्हणजे पुस्तकांचा ढीग केवढा पडत असेल बघा. त्यामुळं 'द्राक्ष लागवड संपूर्ण माहिती' असलं काही लिहायला जाऊ नका, ते आता कुणीपण तासाभरात काढतंय. मला फोन येतात ते पुस्तकातल्या २०१० सालच्या प्रकरणावर, सीसीसी या वेलीची वाढ रोखणाऱ्या औषधाचे अंश सापडले म्हणून युरोपात द्राक्षं अडकली तो सीझन. आप्पांनी त्यात पेटीपेटीचा हिशोब लिहिलाय, कुणाला किती उधारी राहिली तेपण.