मालदीवला जाताय? विमानाच्या आधी बोटीचं बघा

मुंबईहून मालदीवची राजधानी माले थेट विमानाने तीनेक तास, आपल्या पासपोर्टवर व्हिसा उतरल्यावर फुकट मिळतो, त्यामुळे बऱ्याच जणांना वाटतं की तिकीट काढलं, हॉटेल बुक केलं, संपला विषय. पण इथे विमानतळ एका बेटावर आणि तुमची खोली दुसऱ्याच बेटावर असते, मधे नुसता समुद्र. आयत्या वेळी रिक्षा करून कुठे जाता येत नाही. म्हणून मी ज्याला त्याला एकच सांगते, आधी तो मधला समुद्र कसा पार करायचा ते ठरवा आणि मगच विमानाचं तिकीट काढा.

लांबच्या रिसॉर्टला सीप्लेन, म्हणजे पाण्यावर उतरणारं छोटं विमान लागतं आणि सीप्लेन फक्त उजेडात उडतं. तुमचं विमान दुपारी साडेतीन-चारनंतर उतरत असेल तर बहुतेक त्या दिवशी तुम्ही रिसॉर्टला पोचतच नाही, आणि तिकडे त्या रात्रीच्या खोलीचं भाडं मात्र चालू. अशा वेळी पहिली रात्र सरळ विमानतळाजवळच्या हुलहुमाले बेटावर काढायची, तिथे विमानतळावरून रस्त्याने जाता येतं आणि हॉटेलंही परवडतात. परतीचं विमान सकाळी लवकर असेल तर शेवटची रात्रसुद्धा तिथेच काढा. सीप्लेनचं जाऊन-येऊन भाडं माणशी 400 डॉलरच्या पुढे सहज जातं आणि खोलीच्या किमतीत ते धरलेलं असेलच असं नाही, त्यामुळे बुकिंग करताना ट्रान्सफर, म्हणजे विमानतळावरून ने-आण करण्याचं भाडं, धरून एकूण किती ते मेलवर लिहून घ्या, फोनवर नको. सामान साधारण 20 किलो आणि हातातली 5 किलोची बॅग, त्यापुढे जादा पैसे.

बजेट कमी असेल तर माफुशी, थुलुसधू, रसधू, धिगुरा अशी लोकवस्तीची बेटं आहेत, तिथे गेस्टहाउस मिळतात आणि मला स्वतःला तीच जास्त आवडतात, कारण माणसं भेटतात. माफुशी स्पीडबोटीने अर्ध्या-पाऊण तासावर आहे. सरकारी फेरी खूप स्वस्त पण वेळ जास्त लागतो आणि शुक्रवारी ती साधारण बंदच असते, स्पीडबोटीही त्या दिवशी कमी. शुक्रवारी उतरणार असाल तर गेस्टहाउसला आधीच विचारून बोटीत जागा पक्की करून ठेवा.

आता बिलाचं. वेबसाइटवर 100 डॉलरची खोली दिसते, तिच्यावर 10 टक्के सर्व्हिस चार्ज, मग त्या 110 वर 17 टक्के पर्यटन जीएसटी, म्हणजे झाले 128 च्या वर, आणि शिवाय ग्रीन टॅक्स म्हणजे पर्यावरणाचा कर, जो लहान गेस्टहाउसमधे माणशी रोज 6 डॉलर आणि रिसॉर्टमधे 12 आहे (दोन वर्षांखालच्या बाळाला नाही). दोघांसाठी गेस्टहाउसची तीच खोली 140 डॉलरच्या पुढे जाते. काही साइट हे सगळं आधीच धरून दाखवतात, काही नाही, तेव्हा तुलना करताना शेवटचा आकडाच बघा.

निघायच्या आधी 96 तासांच्या आत आयमुगा नावाचा फॉर्म ऑनलाइन भरायचा असतो, जाताना आणि परत येतानाही. तो पूर्ण फुकट आहे, पैसे मागणारी साइट दिसली तर ती सरकारी नाही, बंद करून टाका.

बॅग भरताना हे नीट लक्षात ठेवा, कारण आपल्याकडे कुणी सांगत नाही. दारू आणि पोर्क नेता येत नाही, ई-सिगारेट नेता येत नाही आणि पूजेच्या मूर्तीही नेता येत नाहीत. आपल्या कित्येक जणींच्या पर्समधे छोटा गणपती असतोच, तर तो या प्रवासापुरता घरी देव्हाऱ्यात ठेवा, कस्टमला वाद घालून काही होणार नाही. दारू रिसॉर्टवर मिळते, लोकवस्तीच्या बेटांवर नाही. तिथे पोहण्याचे कपडे फक्त बिकिनी बीच असा बोर्ड असलेल्या किनाऱ्यावर, गावात फिरताना खांदे-गुडघे झाकलेले बरे. रमजानमधे दिवसा तिथली बरीच खाण्याची हॉटेलं बंद असतात आणि 2027 मधेही रमजान फेब्रुवारी-मार्चमधेच येतोय, नेमका सुट्टीच्या चांगल्या मोसमात, तेव्हा तारखा बघून घ्या.

मोसमाचं म्हणाल तर डिसेंबर ते एप्रिल कोरडं, मे ते ऑक्टोबर पावसाळी. जून-जुलैच्या ऑफर स्वस्त दिसतात त्या यामुळेच. रोज पाऊस असतो असं नाही, पण समुद्र खवळलेला असतो आणि स्पीडबोट चांगलीच आपटते. ज्यांना घाटात गाडी लागते त्यांना बोट हमखास लागते, डॉक्टरांना विचारून गोळी आधीच घेऊन ठेवा.

शाकाहारी असाल तर खाण्याचं जरा अवघड आहे. ट्युना तिथे सगळ्यात असतो, नाश्त्याला ट्युना-खोबरं-कांदा-मिरची कालवून रोशीबरोबर देतात, मासे खाणाऱ्यांना तर मजाच. रोशी आपल्या पोळीसारखीच. बाकीच्यांनी गेस्टहाउसला आधी कळवायचं, मासा अजिबात नको, सुका मासाही नको असं स्पष्ट, आणि जवळ खाकरे, चटणी, मेतकूट ठेवायचं.

आणि पाण्यात उतरायचं म्हणजे पाठ उघडी टाकून स्नॉर्कलिंग (तोंडात नळी धरून पाण्यावर तरंगत खालचं बघणं) करू नका, विषुववृत्ताजवळचं ऊन आहे, तासाभरात पाठ भाजून निघते, पूर्ण बाह्यांचा स्विमिंगचा टीशर्ट घ्या. पोहता येत असलं तरी लाइफ जॅकेट घाला, प्रवाळ संपतात तिथे पाणी एकदम खोल होतं आणि ओढही असते. शंख-प्रवाळ उचलून आणू नका, प्रवाळ देशाबाहेर न्यायला बंदी आहे.

स्कूबा, म्हणजे पाठीला हवेची टाकी लावून खोल पाण्यात डाइव्ह करणार असाल तर ते पहिल्या दिवसांत उरका. शेवटच्या डाइव्हनंतर निदान 18 तास, शक्यतो पूर्ण दिवस विमानात बसायचं नसतं, आणि सीप्लेनही विमानच. लहान बेटांवर फक्त आरोग्य केंद्र असतं, मोठं काही झालं तर पेशंटला बोटीने मालेला हलवावं लागतं, त्यामुळे डाइव्हिंग आणि बोटीचा खर्च दोन्ही कव्हर करणारा ट्रॅव्हल इन्शुरन्स घ्या आणि पॉलिसीचा नंबर घरी कुणाकडे तरी देऊन ठेवा.